रस्ता कोणाचा? ग्रामीण रस्त्यांचे वर्गीकरण, मालकी आणि आपले कार्य

(किसान व शेतमजूर आघाडीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

आजच्या अभ्यासवर्गासाठी ग्रामीण रस्त्यांचे वर्गीकरण व मालकी हा विषय ठेवला आहे. जमीन, मजुरी, कर्ज, पाणी आणि शेतमालाचा भाव या प्रश्नांच्या शेजारी हा विषय दुय्यम, किंबहुना कचेरीतील कारकुनांचा वाटण्याचा संभव आहे. परंतु पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत न्यावे लागते, तोडलेला ऊस गाडीवाट अडवल्यामुळे फडातच वाळतो, ओढ्याला पाणी आले की वस्तीवरच्या मुलींची शाळा आपोआप बंद पडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. रस्ता हवा हे आपल्याला कोणी पटवून देण्याची गरज नाही. उलगडा व्हायला हवा तो दुसऱ्याच गोष्टीचा. निवेदने दिली, मोर्चे नेले, आमदार-खासदारांची आश्वासने पदरात पडली, तरीही तो रस्ता का होत नाही?

माझे प्रतिपादन असे आहे की, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सरकारी दप्तरात दडलेले असते. तो रस्ता कोणत्या वर्गात नोंदला आहे, कोणाच्या नावावर नोंदला आहे, की मुळात नोंदलेलाच नाही, यावर त्याचे भवितव्य ठरते. रस्त्यांचे वर्गीकरण हे वरकरणी तांत्रिक काम दिसते. वस्तुतः ते सार्वजनिक पैशाचे आणि जबाबदारीचे वाटप आहे. आणि जेथे वाटप आहे तेथे कोणत्या वर्गाच्या पदरात काय पडते हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

वर्गीकरण कसे घडले

मार्क्सने १८५३ साली हिंदुस्थानविषयक लेखांत, दळणवळणाच्या अभावी येथील खेडी जगापासून तुटलेली राहतात याची दखल घेतली होती. ब्रिटिशांनी ही तुटलेली खेडी जोडली, परंतु ती कापूस, धान्य आणि फौज यांच्या सोयीने. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने लोकल फंडाची व्यवस्था झाली. रयतेकडून साऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घेऊन त्यातून स्थानिक रस्ते व शाळा चालवावयाच्या, अशी ती योजना होती. म्हणजे मुख्य सडकांचा खर्च सरकारी तिजोरीतून आणि गावरस्त्यांचा खर्च गावकऱ्यांच्या खिशातून, ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

पुढे १९२७ साली बॅ. मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविषयक समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी निघाला. १९४३ च्या डिसेंबरात सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी जी योजना आखली ती 'नागपूर योजना' म्हणून प्रसिद्ध आहे. रस्त्यांची जी उतरंड आपण आज वापरतो ती तेथे ठरली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आताचे राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सर्वांत तळाशी ग्रामीण मार्ग. शेतीने विकसित झालेल्या प्रदेशातील कोणतेही खेडे मुख्य सडकेपासून पाच मैलांहून अधिक दूर राहू नये, हे उद्दिष्टही तेथेच मांडले गेले.

राज्यघटनेने याच उतरंडीवर अधिकारांची मोहोर उठवली. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत गेले आणि उरलेले सर्व रस्ते राज्यांच्या सूचीत आले. महाराष्ट्रात १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानंतर राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, अशी व्यवस्था रूढ झाली. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या, पूल, तरी व जलमार्ग हा विषय पंचायतींच्या यादीत घातला. परंतु तो सोपवावयाचा की नाही, आणि सोपवावयाचा तर किती, हा निर्णय राज्य विधिमंडळांच्या हाती ठेवला. यादीत नाव आले, तिजोरीची किल्ली मात्र आली नाही.

या उतरंडीचा आकार ध्यानात घ्या. केंद्र सरकारच्या २०१८-१९ च्या आकडेवारीनुसार देशातील रस्त्यांची एकूण लांबी सुमारे ६३ लाख किलोमीटर होती. त्यांपैकी सुमारे ४५ लाख किलोमीटर, म्हणजे शंभरातील एकाहत्तर भाग, ग्रामीण रस्ते होते. राष्ट्रीय महामार्ग होते अवघे दोन टक्के. वृत्तपत्रांतील छायाचित्रे, उद्घाटने, टोलनाके आणि परकीय कर्जे या दोन टक्क्यांभोवती फिरतात. एकाहत्तर टक्क्यांचा धनी कोण, हे विचारले की उत्तरे निरनिराळ्या कचेऱ्यांतून निरनिराळी येतात.

मालकीचे तीन धागे

'मालकी' या एका शब्दात तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत, त्या वेगळ्या केल्याशिवाय आपल्या मागणीला धार येत नाही. पहिली गोष्ट, रस्त्याखालची जमीन कोणाची. दुसरी, तो रस्ता राखण्याचे कर्तव्य कोणाचे. तिसरी, त्यासाठी लागणारा पैसा कोणाच्या हाती. या तिन्ही गोष्टी एका हातात असतील तेव्हाच मालकी खरी. आपल्याकडे त्या तीन हातांत आहेत.

जमिनीचा धागा महसूल खात्याकडे जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० नुसार जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा कोणा व्यक्तीच्या मालकीच्या नाहीत त्या राज्य शासनाच्या मालकीच्या आहेत. परंतु गावच्या नकाशावर सर्व वाटा एकाच प्रकारे दाखवलेल्या नाहीत. मोठा ग्रामीण रस्ता दुहेरी रेषेने, गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवण्याची पद्धत आहे. गाडीमार्गाखालचे क्षेत्र खातेदाराच्या सर्व्हे नंबरातच राहते. फक्त त्यावर आकार बसवला जात नाही आणि ते पोटखराबात धरले जाते. म्हणजे सातबारा खातेदाराचा, वहिवाट गावाची, आणि सारा कोणाचाच नाही! जमिनीला भाव आला, ट्रॅक्टर आला, वाटण्या झाल्या की ही तुटक रेषा नांगराखाली जाते. तीस वर्षांत पाणंदीची पायवाट होते आणि पायवाटेचा बांध होतो.

कर्तव्याचा धागा जिल्हा परिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जातो. परंतु जिल्हा परिषद फक्त त्याच रस्त्याला आपला म्हणते ज्याला तिच्या रस्ते विकास आराखड्यात क्रमांक आहे. क्रमांक नसेल तर अंदाजपत्रक नाही, अंदाजपत्रक नसेल तर तांत्रिक मंजुरी नाही, आणि तांत्रिक मंजुरी नसेल तर पैसा नाही. मग त्या वाटेने दोनशे माणसे रोज ये-जा करीत असली तरी दप्तराच्या दृष्टीने तेथे रस्ताच नसतो.

पैशाचा धागा तर या दोघांनाही वळसा घालून जातो. २५ डिसेंबर २००० रोजी केंद्राने प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू केली. या योजनेने देशभर लाखो किलोमीटरचे बारमाही रस्ते केले, हे मान्य केलेच पाहिजे; जे झाले ते नाकारून आपली टीका बळकट होत नाही. परंतु या योजनेची अंमलबजावणी राज्यस्तरावरील स्वतंत्र यंत्रणेकडे दिली गेली. कंत्राटदाराने पाच वर्षे दुरुस्ती करावयाची आणि पुढे रस्ता सांभाळावयाचा तो राज्याने. महाराष्ट्रात ते ओझे जिल्हा परिषदेच्या माथी येते. नवा रस्ता बांधायचा तो दुसऱ्या यंत्रणेने, आणि तो उखडू लागला की जिल्हा परिषदेच्या नावावर करायचा! आरंभी पूर्णतः केंद्राचा असलेला खर्चही २०१५-१६ पासून बहुतेक राज्यांसाठी साठ-चाळीस या प्रमाणात वाटला गेला.

यात आणखी एक भर पडली. महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ साली संपल्यावर निवडणुका कित्येक वर्षे लांबल्या आणि प्रशासकांनी कारभार पाहिला. हजारो किलोमीटर रस्त्यांचा कायदेशीर धनी असा होता की ज्याला जाब विचारण्यासाठी जनतेचा निवडून दिलेला एकही प्रतिनिधी सभागृहात नव्हता.

क्रमांक कोणाला मिळतो

क्रमांक कोणाच्या रस्त्याला मिळतो आणि कोणाच्या रस्त्याला मिळत नाही, हा यातला वर्गीय प्रश्न आहे. आपले खेडे हे एकसंध नाही. गावठाण असते, मळ्यातल्या वस्त्या असतात, ओढ्यापलीकडे दलितांची वस्ती असते, माळावर तांडा असतो, डोंगरात पाडे असतात. 'गाव जोडले' असे जेव्हा आकडेवारीत लिहिले जाते तेव्हा बहुधा रस्ता गावठाणाच्या वेशीपर्यंत आलेला असतो. ग्रामसडक योजनेने गावाऐवजी वस्ती हे एकक मानले ही सुधारणा होती. परंतु तेथेही उंबरठा घातला: सपाट प्रदेशात पाचशे लोकसंख्या, डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी भागांत अडीचशे. पाचशे मीटरच्या आतील वस्त्या एकत्र धरता येतील अशी सवलत आहे, परंतु ती मागावी लागते आणि मागण्यासाठी ती माहीत असावी लागते.

या उंबरठ्याखाली कोण राहते? भूमिहीन, आदिवासी, भटके, ऊसतोड मजूर. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्राने याच योजनेचा चौथा टप्पा मंजूर केला तेव्हा पंचवीस हजार वस्त्या जोडण्यासाठी साडेबासष्ट हजार किलोमीटर रस्ते करावयाचे ठरले. याचा अर्थ, पहिल्या टप्प्याला चोवीस वर्षे होत आली तरी पंचवीस हजार वस्त्या बारमाही रस्त्याविना आहेत ही सरकारचीच कबुली आहे. आणि त्यांची लोकसंख्या मोजावयाची ती २०११ च्या जनगणनेवरून, कारण २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही.

जंगलातील पाड्यांची गोष्ट आणखी अवघड आहे. तेथे वाट जाते ती वनखात्याच्या जमिनीतून. जिल्हा परिषद वनखात्याकडे बोट दाखवते आणि वनखाते १९८० च्या वनसंवर्धन कायद्याकडे. या अडवणुकीवर २००६ च्या वनहक्क कायद्यातच तोड आहे. कलम ३(२) नुसार रस्त्यासारख्या सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे तोडावी लागणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. आदिवासी भागात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला हे कलम तोंडपाठ असले पाहिजे.

याउलट वरच्या थरात काय घडते ते पाहा. साखर कारखाना, खाण, औद्योगिक वसाहत किंवा वजनदार पुढाऱ्याचे गाव ज्या रस्त्यावर आहे त्याची दर्जोन्नती होते. इतर जिल्हा मार्गाचा प्रमुख जिल्हा मार्ग होतो, त्याचा राज्य महामार्ग होतो, आणि मालकी जिल्हा परिषदेकडून वरच्या खात्याकडे जाते. दर्जोन्नतीला आपला तत्त्वतः विरोध नाही. परंतु प्रत्येक दर्जोन्नतीनंतर जिल्हा परिषदेच्या यादीत उरतात ते कमी रहदारीचे, कमी वजनाचे, गरिबांचे रस्ते. ज्यांचा आवाज मोठा ते यादीतून वर निघून जातात. मग त्या यादीसाठी निधी मागणारा आवाजही क्षीण होतो.

दोन निकाल, एकच धडा

या प्रश्नाच्या दोन बाजू सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून स्पष्ट होतात. दोन्ही प्रकरणे हिमाचल प्रदेशातील आहेत. पहिल्यात डोंगरातील गरीब, बहुसंख्य दलित रहिवाशांनी आपला रस्ता अर्धवट सोडल्याबद्दल उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, डोंगराळ भागातील माणसाच्या जीविताच्या मूलभूत हक्कात रस्त्याचाही समावेश होतो.

दुसऱ्या प्रकरणात हमीरपूर जिल्ह्यातील एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली गेली, कोणतीही भूसंपादनाची कारवाई न करता व मोबदला न देता. पुढे राज्य सरकारने कोर्टात सांगितले की, इतकी वर्षे कब्जा असल्याने जमीन आमचीच झाली आहे. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला आणि मोबदला देण्याचा आदेश दिला. त्या वेळी त्या बाईंचे वय ऐंशीच्या घरात होते.

धडा हा की, रस्ता हा श्रमिकांचा हक्क आहे, आणि त्या रस्त्याची किंमत दुसऱ्या श्रमिकाच्या जमिनीतून फुकट वसूल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ग्रामसडक योजनेच्या निधीतून जमिनीचा मोबदला मिळत नाही. जमीन राज्याने उपलब्ध करून द्यावयाची असते आणि राज्य ती 'संमतीपत्रां'वर मिळवते. गावातील बड्या जमीनदाराचे संमतीपत्र कोणी सक्तीने घेत नाही. आखणी वळते ती दोन एकरवाल्याच्या रानातून. म्हणून वस्तीवरील भूमिहीन आणि बांधावरचा अल्पभूधारक यांना रस्त्यावरून एकमेकांशी झुंजवले जाते, आणि दोघांचा खरा देणेकरी, म्हणजे राज्य, बाजूला उभा राहतो. अशा ठिकाणी आपण पंचाची भूमिका घ्यावयाची नसून दोघांची मिळून मागणी उभी करावयाची आहे: रस्ता हवा, आणि अल्पभूधारकाला मोबदलाही हवा.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. काही कॉम्रेड्स म्हणतात, रस्ता आला की फायदा दलालाचा, ट्रकमालकाचा आणि प्लॉट पाडणाऱ्याचा होतो. मग आपण त्यासाठी का झगडावे? यातील निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. धनिकाची जीप चिखलातूनही जाते आणि तो तालुक्याला घर बांधून राहू शकतो. रस्ता नसल्याचा संपूर्ण भार डोक्यावर ओझे वाहणाऱ्यावर पडतो. रस्ता नसलेल्या पाड्यावर रेशन पोहोचत नाही, मास्तर येत नाही, आणि मजूर एकाच मालकाच्या दारी बांधलेला राहतो. दलालाशी लढण्याचा मार्ग रस्ता अडवण्यातून जात नाही.

केरळ आणि बंगालचा अनुभव

मालकी व पैसा एकत्र आणता येतो का? आपल्या चळवळीच्या अनुभवातून याचे उत्तर मिळते. पश्चिम बंगालमध्ये १९७७ साली डावी आघाडी सत्तेवर आली आणि १९७८ साली तिने पंचायतींच्या निवडणुका घेतल्या. त्याच वर्षी महापूर आला, तेव्हा मदत व पुनर्बांधणीची कामे, रस्त्यांसह, नवनिर्वाचित पंचायतींमार्फत झाली. बीडीओच्या कचेरीतून होणारी वाटणी प्रथमच गावच्या बैठकीत आली.

केरळने पुढचे पाऊल टाकले. १९९४ च्या पंचायत कायद्याने गावातील सार्वजनिक रस्ते पंचायतीत निहित झाले. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेने राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपवला. शिवाय स्थानिक संस्थांच्या मालमत्तांच्या देखभालीसाठी रस्ते आणि रस्त्यांव्यतिरिक्त मालमत्ता असे स्वतंत्र निधी दिले जाऊ लागले. त्यामुळे रस्ता नोंदवहीत घेणे हे पंचायतीला ओझे वाटत नाही. नोंदीला निधी जोडलेला असतो. तेथेही अरुंद आखणी, कंत्राटदारांची साखळी, अपुरा निधी हे प्रश्न आहेत. परंतु दिशा स्पष्ट आहे: नोंद, जबाबदारी आणि पैसा एका ठिकाणी.

आपली कामे

आता कामांकडे वळतो. ही कामे मोर्च्याइतकी दिमाखदार नाहीत, परंतु त्यांच्याशिवाय मोर्चा कचेरीच्या दारातून रिकामा परततो.

पहिले काम, गावचा नकाशा मिळवा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढा आणि वाड्या-वस्त्यांवरील वृद्धांना घेऊन प्रत्येक वाट प्रत्यक्ष चाला. नकाशावर आहे पण जमिनीवर नाही, आणि जमिनीवर आहे पण नकाशावर नाही, अशा दोन याद्या करा. विदर्भात वाजिब-उल-अर्ज व निस्तार पत्रक पाहा; मध्य प्रदेशातील आपल्या मराठी कॉम्रेड्सनाही १९५९ च्या तेथील संहितेखाली हीच कागदपत्रे उपयोगी पडतील.

दुसरे काम, या याद्या ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करून घ्या. ग्रामपंचायतीच्या विहित नमुन्यांत रस्त्यांची स्वतंत्र नोंदवही आहे. ती भरलेली आहे का, हे विचारा. दलित वस्ती, तांडा व पाडा यांचे रस्ते त्या यादीत प्रथम घालण्याचा आग्रह धरा. जिल्हा परिषदेच्या आराखड्यात क्रमांक मिळवण्यासाठी हाच ठराव पाया ठरतो.

तिसरे काम, अडवलेल्या वाटा मुदतीत मोकळ्या करून घ्या. पूर्वापार वाट अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, परंतु अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीला दिला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' सदरात घेण्याचा आदेश काढला आहे. आदेश कागदावर राहतो की तलाठ्याच्या दप्तरात उतरतो, हे आपल्या रेट्यावर अवलंबून आहे.

चौथे काम राजकीय आहे. आपल्या मागण्या अशा असाव्यात: ग्रामीण रस्त्यांची मालकी पंचायत संस्थांकडे सोपवताना देखभालीचा निधी लांबीच्या प्रमाणात कायद्याने बांधून द्यावा, केंद्रीय योजनांची आखणी जिल्हा परिषदेच्या व ग्रामसभेच्या संमतीने व्हावी, लोकसंख्येचा उंबरठा आदिवासी, दलित व भटक्यांच्या वस्त्यांना लागू नसावा, अल्पभूधारकाची जमीन मोबदल्याविना घेऊ नये, आणि रस्त्यांच्या कामावर स्थानिक मजुरांना कायदेशीर दराने काम मिळावे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील किती तरी रस्ते खडी फोडणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या हातांनी झाले, आणि त्या लढ्यांतूनच रोजगार हमीचा कायदा पुढे आला. तो रस्ता त्यांनी बांधला. मात्र त्यांच्या वस्तीकडे वळणारा फाटा दप्तरात कोणी नोंदला नाही. ती नोंद करून घेणे हे आज आपल्यावर आलेले काम आहे.

कॉम्रेड्स, येथून परत गेल्यावर प्रत्येक शाखेने निदान एका गावाचा नकाशा आणि त्याच्या दोन याद्या पुढील ग्रामसभेपूर्वी तयार कराव्यात, एवढी अपेक्षा ठेवून मी माझे भाषण संपवतो.